तुझी चाल मी करून ठेवली

आमच्या घरात कॉम्प्युटर आला तो दादाच्या इंजिनिअरिंगसाठी. माझ्यासाठी घरात काय आलं होतं ते आठवायला बसले, की एक घागर आठवते. तीही आईची जुनी, दोन ठिकाणी पोचा पडलेली.

औरंगपुऱ्यात एका दुकानाच्या वर आमच्या दोन खोल्या होत्या. जागा आमचीच, आजोबांनी घेतलेली. वडील कचेरीत कारकून होते आणि दादा माझ्याहून चार वर्षांनी मोठा. त्याच्या मित्रानं कॉपी करून दिलेल्या सीडीवर तो खेळ घरात शिरला. खेळाचं नाव सांगत बसत नाही. ज्यांनी खेळलाय त्यांना लगेच कळेल, आणि बाकीच्यांना नाव कळूनही काही उपयोग नाही. एक मोठा नकाशा असतो, सगळा काळ्या पडद्याखाली झाकलेला. आपला एक किल्ला आणि घोड्यावरचा एक सरदार. तो जसा पुढं सरकतो तसा काळोख फिटत जातो, आणि खालून जंगलं, सोन्याच्या खाणी, लाकडाच्या वखारी, त्यांच्या राखणीला बसलेले राक्षस दिसायला लागतात. खाणीपाशी घोडा नेला की तिच्यावर आपल्या रंगाचं निशाण लागतं. दादाचं लाल, माझं निळं. आणि सगळं पाळीपाळीनं. एक चाल म्हणजे आपला एक दिवस. तो संपला असं वाटलं की कोपऱ्यातलं वाळूचं घड्याळ दाबायचं, मग दुसऱ्याचा दिवस. आठवडा बदलला की किल्ल्यात नवे सैनिक तयार होतात. पण तुम्ही घड्याळ दाबत नाही तोवर त्या जगातलं पानसुद्धा हलत नाही. घाई कर म्हणून कुणी डोक्यावर बसत नाही.

कॉम्प्युटर एक आणि खेळणारे दोघं, म्हणून दादानं नियम केला होता. ज्याची चाल नाही त्यानं पडद्याकडं बघायचं नाही, भिंतीकडं तोंड करून बसायचं. मी बसायची. भिंतीवर दूध डेअरीचं कॅलेंडर होतं, ते मला तोंडपाठ झालं होतं. दादाच्या चाली लांबत जायच्या. "झालं का तुझं?" मी भिंतीलाच विचारायची. "थांब, विचार करतोय," मागून उत्तर यायचं. त्याच्या विचार करण्याचा घरात फार दबदबा होता. तो विचार करत असला की आई भांडीसुद्धा हळू घासायची.

ती दुष्काळाची वर्षं होती. जायकवाडीत पाणी नाही हे वाक्य आम्ही शेजाऱ्यांच्या तब्येतीसारखं रोज ऐकायचो. नळ कधी येईल याचा नेम नव्हता, आणि आला तरी करंगळीएवढी धार. ती धार येतेय तोवर घरातलं झाडून सगळं, अगदी पातेल्यांपर्यंत, भरून घ्यायचं. नाहीतर गल्लीच्या टोकाच्या हापशावर रांग. माझी चाल आली, मी माउस हातात घेतला, की स्वयंपाकघरातून हाक आलीच म्हणून समजायचं.

"नळ आलाय, ऊठ गं."

"आई, माझी चाल आहे."

"चाल कुठं पळून चालली? पाणी जाईल."

"मग दादाला सांग ना."

"तो दमलाय. तू ऊठ."

चाल पळून जात नाही हे आईचं म्हणणं त्या खेळापुरतं अगदी खरं होतं. फक्त आमच्या घरात ती पळवली जायची. मी कमरेवर घागर आणि भिजलेली ओढणी घेऊन वर यायची, तेव्हा दादा खुर्चीत रेलून बसलेला असायचा आणि म्हणायचा, "तुझी चाल मी करून ठेवली."

करून ठेवलेली असायची म्हणजे काय, तर माझा सरदार नको त्या दरीत नेऊन उभा केलेला, माझे धनुर्धारी भलत्याच राक्षसाच्या तोंडी दिलेले, आणि घड्याळ दाबून मोकळा. वर पुन्हा त्याचीच चाल सुरू. मी ओरडले की तो खरोखर चकित व्हायचा. "अगं, तू तरी दुसरं काय केलं असतंस?" त्यात लबाडी नव्हती, हे मला आज जास्त झोंबतं. लबाडी असती तर पकडता आली असती. आपण बहिणीला मदत करतोय असंच त्याला वाटायचं. आणि दर खेळात तो जिंकायचा. जेवताना वडिलांना सांगायचा, हिला डोकं नाही लावता येत. वडील हसायचे. मी ताटाकडं बघत जेवायची. तळपायाची आग मस्तकात जायची, पण बोलायचं काय? खेळावरून भांडते म्हणून मलाच ऐकावं लागलं असतं.

पुढं मी गणितात बी.एस्सी. केलं आणि विद्यापीठात एम.एस्सी.ला नाव लागलं. त्याच उन्हाळ्यात मला बघायला पाहुणे आले. ते यायची वेळ संध्याकाळची होती, आले दुपारी. मी हापशावर होते. परतले तेव्हा खोलीत पेढे वाटले जात होते. मुलाच्या आईनं माझा भिजलेला अवतार बघून "कामाची आहे मुलगी" असं म्हटलं, आणि सगळ्यांना ते फार आवडलं. पाहुणे गेल्यावर मी दादाला विचारलं, मला न विचारता हो कुणी म्हटलं? तो म्हणाला, "मी म्हटलं. चांगलं स्थळ आहे. तू काय नाही म्हणणार होतीस?"

नवरा चांगला निघाला. वाईट निघाला असता तर निदान दादाच्या तोंडावर मारायला काहीतरी हाती लागलं असतं. खुलताबादच्या शाळेत तो मास्तर होता, सकाळच्या एसटीनं जायचा, संध्याकाळी दमून यायचा आणि मला कशाला नाही म्हणायचा नाही. एम.एस्सी. मात्र राहिलं ते राहिलंच. सासूबाई अंथरुणाला खिळल्या, मग मूल झालं, मग घरी शिकवण्या सुरू झाल्या. दादा पुण्याला गेला, कंपनीत साहेब झाला, तिकडंच स्थिरावला.

आम्ही बीड बायपासच्या पलीकडं फ्लॅट घेतला. तेव्हा खिडकीतून ज्वारी दिसायची. बघता बघता ज्वारीच्या जागी चुन्याच्या रेघा आल्या, रेघांवर खांब उभे राहिले, आणि आता खिडकीतून समोरच्यांचे वाळत घातलेले टॉवेल दिसतात. बिल्डरनं कागदावर नळ दाखवला होता. शहर त्या कागदावरून पुढं निघून गेलं, नळ काही आला नाही. बोअर आटली की आठवड्याला टँकर येतो, त्यातलं पाणी पाइपानं आपल्या टाकीत ओढून घ्यायचं. खाली कुणी उभं नसलं की तो पुढच्या बिल्डिंगकडं निघून जातो.

अशाच एका कोरड्या सालात, मूल शाळेत जायला लागल्यावर, मी जुन्या पेटीतून ती सीडी काढली आणि नवऱ्याच्या कॉम्प्युटरवर घातली. भर दुपारी, दाराला कडी लावून. पहिल्यांदाच किल्ला कुठला हवा ते मी ठरवलं. दादा मला नेहमी दलदलीतला किल्ला द्यायचा, तो सोपा आहे म्हणून. मी जंगलातला घेतला. चालती झाडं, शिंगांचे पांढरे घोडे, आणि जिकडं तिकडं हिरवं. बाहेर झाडाच्या बुंध्यापर्यंत धूळ होती आणि पडद्यावर हिरव्यागार काठाशी एक पाणचक्की गरगर फिरत होती. आमच्या शहरातल्या पाणचक्कीचं पाणी त्या वर्षी रोडावलंय असं लोक म्हणत होते. पडद्यावरची मात्र कधी आटत नाही. मी किती वेळ नुसती तिच्याकडं बघत बसले. मग माझी चाल मी केली, माझ्या मनानं, आणि घड्याळ मी दाबलं. मला रडू आलं. वय काय, मूल केवढं, आणि कशावर रडतेय याची लाजही वाटली.

तेव्हापासून खेळतेच आहे. सीडी घासून गेली, कॉम्प्युटर भंगारात गेला, लॅपटॉप आला, शहराचं नाव बदललं, तो खेळ तसाच आहे. शिकवणीची पोरं हसतात, बाई हे काय चित्रं, आमच्या मोबाइलवर बघा कसले खेळ आहेत. बघितले मी. त्यातले सगळे सारखे हाका मारतात. आत्ता ये, हे घे, वेळ संपत आली. हाका मारणारं मला आयुष्यात आणखी काही नको आहे. लोक म्हणतात त्या जुन्या खेळाचं संगीत गोड आहे, नकाशे अफलातून आहेत, एक दिवस अजून म्हणता म्हणता दुपार सरते. सरते, कबूल. पण मी त्याला चिकटून राहिले ते एवढ्यासाठी, की मी घड्याळ दाबत नाही तोवर तो थांबतो. एवढा मान मला दुसऱ्या कुणी दिला नाही.

वडील गेले, मग आई गेली. गेल्या दिवाळीत भाऊबीजेला दादा एकटाच गाडी घेऊन आला. पाऊस त्याही साली पाठ फिरवून गेला होता आणि आमचा टँकर दिवाळीआधीच सुरू झाला होता. मी ओवाळलं. त्यानं तबकात साडी ठेवली. साडी उचलली तर खाली हक्कसोडीचा कागद, माझं नाव आधीच टाइप केलेला. सही करायची तिथं पेन्सिलनं फुल्या मारलेल्या.

"औरंगपुऱ्याचं घर बिल्डर घेतोय," दादा म्हणाला. "पाडून कॉम्प्लेक्स करणार. सगळ्याच बहिणी देतात गं सही. माहेर टिकतं त्यानं."

ज्या माहेरासाठी सही मागत होता, तेच पाडायला निघाला होता. हे त्याच्या लक्षातही आलं नव्हतं. मी कागद तबकातच ठेवला आणि म्हटलं, बघू. नवरा मान खाली घालून करंजी खात होता.

तेवढ्यात दादाची नजर टेबलावरच्या लॅपटॉपकडं गेली. "अरे! हा खेळ अजून चालतो?" चेहरा लहान पोरासारखा फुलला. "काय दिवस होते गं ते! चल, एक डाव होऊन जाऊ दे. अजून लक्षात आहे माझ्या, तू कायम हरायचीस."

"मी खेळायचेच कुठं, दादा?"

तो हसला. त्याला ती थट्टा वाटली.

आम्ही बसलो. त्यानं लाल घेतलं, मी निळं. दलदलीतला किल्ला मी त्याला दिला, आणि त्याच्या चालीला नियमाप्रमाणं भिंतीकडं तोंड केलं. त्याचं अर्धं विसरलं होतं, लवकर आटपलं. मग माझी चाल आली. मी माउस हातात घेतला आणि खाली टँकरचा हॉर्न वाजला.

दादा मागं रेलला. जराही विचार न करता, आवाजही तोच ठेवून म्हणाला, "जा, पाणी आलंय. तुझी चाल मी करून ठेवतो."

इतकी वर्षं मी या वाक्याला काय काय उत्तरं रचून ठेवली होती.

"तू जा," मी म्हटलं.

"मी?"

"पाइप जिन्याखाली आहे. टाकीचं झाकण जड आहे, दोन्ही हातांनी उचल."

तो स्वतःच्या सिल्कच्या कुडत्याकडं बघायला लागला. नवरा उठत होता, त्याला मी हातानंच बसवलं. खाली पुन्हा हॉर्न वाजला. टँकरवाला कन्नड तालुक्यातला, तोंडानं फटकळ. "ओ बाई! हाय का कुणी वर? लई बिल्डिंगा ऱ्हायल्यात, मला टाइम नाय!"

"अगं, जाईल तो," दादा म्हणाला.

"जाऊ दे."

टँकर गेला. मागं फिरल्याचा, मग लांब गेल्याचा आवाज आम्ही तिघांनीही ऐकला. दादा खिडकीतून बघत राहिला, मग माझ्याकडं वळला. पहिल्यांदाच त्याला काहीतरी कळलं असावं, किंवा मला तसं हवं होतं म्हणून वाटलं असेल. त्यानं तबकातल्या कागदाकडं बोट केलं. "आणि याचं काय?"

"माझी चाल चालू आहे, दादा. भिंतीकडं तोंड कर."

त्यानं केलं नाही. साडी तिथंच राहिली, कागदही राहिला, आणि चहा न घेता तो पुण्याला निघून गेला. तो आठवडा आम्ही शेजारच्या बिल्डिंगमधून बादल्या वाहिल्या. नवरा शाळेतून आला की वाहायचा. मला आनंद झाला असं कुणी समजू नये. भाऊ एकच आहे, आणि त्याची गाडी कोपऱ्यावरून वळेपर्यंत मी खिडकीत उभी होते.

डाव सेव्ह करून ठेवलाय, निळ्या चालीवर. औरंगपुऱ्याचं घर अजून उभं आहे, कारण माझ्या सहीशिवाय बिल्डरला हात लावता येत नाही. दादाचा रविवारी फोन येतो. इकडचं तिकडचं बोलून झालं की आवाज खाली आणून विचारतो, "झालं का तुझं?"

मी म्हणते, थांब, विचार करतेय.