एउदेलियाकडचे जेवण

व्हर्ना टिलॉटसन यांच्याकडच्या मेक्सिकोच्या नकाशावर एकाच गावाभोवती पेन्सिलीने वर्तुळ काढलेले आहे. ते इतक्या वेळा गिरवले गेले आहे, की तिथला कागद खरवडून पातळ झाला आहे. बोका दे पालो हे नायारित राज्याच्या किनाऱ्यावरचे मासेमारांचे गाव. तिथल्या धर्मादाय दवाखान्याला मधुमेहाने चिघळलेल्या पायांची मलमपट्टी करणाऱ्या परिचारिका कायम कमी पडतात, आणि व्हर्नाबाईंचे सारे आयुष्य त्याच कामात गेले. अ‍ॅरिझोनातल्या आमच्या आहो गावात त्या आता निवृत्त आहेत. इथली तांब्याची खाण बंद पडली तेव्हा बरीच माणसे पांगली. त्या आणि त्यांचे पती ऑरिन मात्र राहिले.

गावच्या ग्रंथालयासाठी जुन्या रहिवाशांच्या आठवणी ध्वनिमुद्रित करण्याचे काम माझ्याकडे आहे. त्या निमित्ताने या हिवाळ्यातल्या त्यांच्या प्रवासाची तयारी मला जवळून पाहता आली. अंगणात राहण्या-रांधण्याची सोय असलेला कॅम्पर उभा असे आणि आत दोघांची जुंपलेली असे.

"ऑरिन, हा कप्पा बँडेजसाठी आहे. तुझ्या बीन्सच्या डब्यांसाठी नाही."

"मग वाटेत बँडेज खायची का?"

"मेक्सिकोत बीन्स मिळत नाहीत असं वाटतं का तुला?"

"मिळतात गं. पण मला माझे लागतात."

ऑरिन यांच्या लेखी हा प्रवास दवाखान्याचा होता. व्हर्नाबाईंच्या लेखी त्यात आणखी काही होते, आणि ते त्यांनी मला तीनदा सांगितले.

तरुणपणी दोघे असाच कॅम्पर घेऊन बोका दे पालोला गेले होते. दवाखान्याचा स्वयंपाक एउदेलिया नावाची त्यांच्याच वयाची स्त्री करत असे. निघायला थोडे दिवस उरले असताना एका शनिवारी ती व्हर्नाबाईंना म्हणाली, "उद्या दुपारी जेवण सु कासामध्ये." सु कासा म्हणजे तुमचे घर. व्हर्नाबाईंचे स्पॅनिश जखमांपुरतेच होते: दुखते का, पाय वर घ्या. त्यांना आनंद झाला. एउदेलिया आपण होऊन आपल्याकडे जेवायला येते आहे! रविवारी सकाळभर त्यांनी कॅम्परमधल्या छोट्या शेगडीवर रांधले आणि बाहेर ताणलेल्या कापडी छताखाली टेबल मांडले. कोणी आले नाही. सोमवारी एउदेलियाने त्यांच्याकडे न पाहता ताट पुढे सरकवले. दोघीही त्यावर काही बोलल्या नाहीत, आणि मग निघायचा दिवस आला.

पुढे कित्येक वर्षांनी, आहोच्या दवाखान्यात एका म्हाताऱ्या मेक्सिकन रुग्णाला त्यांनी पत्ता विचारला. तो अदबीने म्हणाला, "तुमचं घर चर्चच्या मागे आहे, सेन्योरा." व्हर्नाबाईंच्या हातातली पट्टी तशीच राहिली. तिकडच्या सभ्य बोलण्यात स्वतःच्या घराला समोरच्याचे घर म्हणतात. आपणही पाहुण्याला 'घर तुमचंच आहे' म्हणतो. पण जेवायला कुठे यायचे, याबाबत आपल्याकडे त्यामुळे घोटाळा होत नाही.

तीन ध्वनिमुद्रणांत त्या दिवशीचा बेत एकसारखा नाही. एकदा भाजलेली कोंबडी आहे, एकदा रस्सा. ऑरिन यांच्या मते ते स्पॅगेटी होते, "कारण सगळं मलाच संपवावं लागलं." मांडलेल्या टेबलाजवळ उभे राहून रस्त्याकडे पाहत राहणे मात्र तिन्हींत आहे. गावाच्या दुसऱ्या टोकाला एउदेलियाही अशीच वाट पाहत असेल, हे व्हर्नाबाईंचे अनुमान. त्याला साक्षीदार नाही. त्यांना तेच तिच्या तोंडून ऐकायचे होते, आणि तिच्या टेबलाशी एकदा बसायचे होते.

दवाखान्याने होकार कळवला, सोबत एउदेलियाच्या मुलाचा फोन नंबरही दिला. तो नंबर बरेच दिवस नुसताच फ्रिजवर चिकटून होता.

"न विचारताच गेलो तर?" व्हर्नाबाई म्हणाल्या.

"मागच्या वेळी न विचारल्यामुळेच उपाशी राहिलीस ना!"

शेवटी एका दुपारी त्यांनी फोन लावला; एवढ्या वर्षांत त्यांचे स्पॅनिश जखमांपलीकडे गेले होते. आम्हाला ऐकू यावे म्हणून स्पीकर चालू ठेवला. मुलाने फोन आईच्या हाती दिला.

"एउदेलिया, मी व्हर्ना. दवाखान्यातली नर्स."

"बाई, नर्सा तर दरवर्षी येतात." आवाज थकलेला, पण खणखणीत होता.

"माझा नवरा उंच, लाल दाढीवाला..."

"हां! पंप दुरुस्त करणारा! सांगा त्याला, पंप पुन्हा बिघडलाय."

"जन्माची गॅरंटी नव्हती दिली," ऑरिन पुटपुटले.

"तुम्ही मला जेवायला बोलावलं होतं," व्हर्नाबाई म्हणाल्या. "मी आले नाही."

"आला नव्हतात? असेल. आमच्याकडे जेवण काही उरत नाही हो, कुणीतरी खाल्लंच असणार."

माफीचे वाक्य व्हर्नाबाईंनी आठवडाभर घोकले होते. त्याला आता जागाच राहिली नाही. मग तिकडे सहसा कोणी विचारत नाही इतक्या सरळपणे त्यांनी विचारले, "या जानेवारीत येऊ का मी जेवायला? तुम्ही राहता त्या घरी?"

पलीकडे हसू. "या की! रविवारी या. हल्ली सून करते सगळं. तिखट जरा जास्तच असतं."

फोन ठेवल्यावर ऑरिन म्हणाले, "बघ. एवढी वर्षं उगाच झुरलीस."

"तिने वाट पाहिली नव्हती, ऑरिन."

"मग बरंच झालं की!"

"हो," त्या म्हणाल्या, आणि खिडकीबाहेर पाहू लागल्या.

विसरणे वेगळे आणि वाट न पाहणे वेगळे, असे सुचवण्याचा मोह मला झाला. पण पुरावा यापैकी कशालाच नव्हता.

बऱ्याच वेळाने त्यांनी नकाशा टेबलावर पसरला. "नाताळ झाला की लगेच निघायचं. अंधारात गाडी चालवायची नाही, म्हणजे मुक्काम वाढतील."

"एवढी घाई कशाला? दवाखान्याचं काम जानेवारीच्या मध्यावर सुरू होतंय."

"ते होऊ दे तेव्हा," व्हर्नाबाई म्हणाल्या. "त्याच्या आधी मला एक रविवार हवाय."