टॉवेलखाली वाळत घातलेली चड्डी

इथे परदेशात, वेरिबी गावाजवळच्या एका जुन्या बंगल्याचं म्युझियम केलंय. दर शनिवारी मी तिथे शिवायला जाते. पगार नाही, चहा मिळतो. व्हिक्टोरिया राणीच्या काळातले बायकांचे आतले कपडे हाताने, त्या वेळच्या पद्धतीने शिवायचे. मागच्या वर्षी प्रदर्शन ठरलं तेव्हा तिथल्या प्रमुख बाई म्हणाल्या, हे कपडे पुतळ्याला घालू, पण वरून गाऊन चढवू. माझं डोकंच फिरलं. मग शिवायचे कशाला? महिनाभर भांडले, तेव्हा कुठे एक पुतळा नुसत्या आतल्या कपड्यांत उभा करायला त्या तयार झाल्या.

त्यातली चड्डी मी सहा आठवडे शिवली. गुडघ्याखाली येणारी, घोळदार. दोन पाय वेगवेगळे, फक्त कमरपट्टीला जोडलेले. मधे शिवणच नाही. वर कंबर आवळणारं घट्ट कोर्सेट आणि चार-चार परकर असताना लघवीला जाताना चड्डी खाली ओढणार कशी? बिचाऱ्यांची तेवढीच सोय.

उद्घाटनाच्या आदल्या दिवशी ती धुतली आणि टार्निटच्या आमच्या घरामागे वाळत घातली. दुपारी काढायला गेले तर तिच्यावर मरून रंगाचा टॉवेल, नवाकोरा, एकदाही न धुतलेला. त्याचा रंग खाली उतरला होता. चड्डीच्या मागच्या बाजूला बशीएवढा लाल डाग.

तळपायाची आग मस्तकात गेली. नवरा घरून काम करत होता, त्याच्या मीटिंगमध्येच घुसले.

"टॉवेल कोणी टाकला?"

त्याने म्यूट केलं. "अगं, तूच टाकलास. सकाळी. मी खिडकीतून बघितलं ना."

मीच. आईने शिकवलं होतं, आतले कपडे दोरीवर घालायचे ते टॉवेलखाली, कुणाला दिसता कामा नयेत. इथे येऊन चौदा वर्षं झाली, दोन्ही बाजूंना माणसाहून उंच कुंपण, बघणार कोण? ज्या चड्डीसाठी महिनाभर तोंड वाजवलं, तीच मी झाकली, आणि झाकतेय हे कळलंसुद्धा नाही. जित्याची खोड! आईचा राग आला, तिला हे शिकवणाऱ्यांचा आला, आणि सगळ्यात जास्त माझ्या या दोन हातांचा. लिंबू चोळलं, साबण घासला. डाग फिका झाला आणि आणखीच नको तसला दिसायला लागला.

उद्घाटनाच्या सकाळी प्रमुख बाईंनी चड्डी उलटीसुलटी करून पाहिली. डाग दिसताच गोऱ्यामोऱ्या झाल्या.

"नो वरीज," त्या हळूच म्हणाल्या. "पुतळ्याची पाठ भिंतीला लावू. कुणाला दिसणार नाही."

मी चड्डी पुतळ्याला चढवली, नाडी बांधली, पुतळा कंबरेत धरून उचलला आणि खोलीच्या मधोमध नेऊन ठेवला.

"इथे," मी म्हटलं. "लोकांना मागूनही बघता यायला हवं."