आयोनाच्या पाठीचं माप

आयोना टॅगार्टच्या दोन्ही खांद्यांवर काळपट वळ पडले होते, ते सव्वीस वर्षांच्या कामाचे. अमेरिकेतल्या आयडाहोच्या डोंगरांत दहा-दहा दिवस मुक्काम करून पायवाटांवर आडवी पडलेली झाडं कापायची, हे तिचं काम. तिथल्या राखीव जंगलात यंत्रांना बंदी. त्यामुळे करवत, कुऱ्हाड, तंबू, शिधा असं तीस किलोचं ओझं पाठीवरच. कामावर मिळणारी सॅक उंच पुरुषांच्या मापाची आणि आयोना जेमतेम पाच फूट. कमरेचा पट्टा मांड्यांवर घसरायचा, सगळा भार खांद्यांना लटकायचा. मुकादम ग्रेडी म्हणायचा, "पट्टे आवळ, बसेल."

त्या जूनमध्ये एका चढावर तिचा उजवा हात बधिर झाला. कुऱ्हाड निसटली आणि मागून येणाऱ्या, टोळीतल्याच बर्टच्या पायापासून वीतभर अंतरावर रुतली. बर्टने ती उपटून स्वतःच्या खांद्यावर टाकली, तेच तिला जास्त झोंबलं.

सुट्टी मिळताच ती गावातल्या दुकानात गेली. मालकाने एक जांभळी सॅक पुढे केली. "बायकांसाठी खास!"

"हिच्यात माझी वळकटीसुद्धा मावायची नाही. मोठी दाखवा, आणि आधी माझी पाठ मोजा."

"मॅडम, या वयात मोठी कशाला? आणि खरं सांगू? तुमची ठेवणच जरा विचित्र आहे. सॅकचा काय दोष?"

आयोनाचं डोकं सणकलं. सॅक भरून बघायला ठेवलेल्या वाळूच्या पिशव्या तिने त्या जांभळ्या सॅकमध्ये कोंबल्या आणि ती सहा फुटी मालकाच्या पाठीवर चढवली. कमरेचा पट्टा त्याच्या बरगड्यांवर आला.

"चला आता, नदीपर्यंत."

तो दारापर्यंतही पोचला नाही. "काढा, काढा हे!"

"का हो? तुमची ठेवण विचित्र आहे का?"

बाहेर हॉइट उभा होता, खोगिरं शिवणारा म्हातारा. तो हसला नाही. "ये इकडे, पोरी. मी खेचरालासुद्धा मोजल्याशिवाय खोगीर घालत नाही." त्याने मानेच्या हाडापासून कमरेच्या हाडापर्यंत टेप लावली. पंधरा इंच. एका जुन्या मोठ्या सॅकचा सांगाडा कापून त्याने आखूड केला, पट्टा नवा शिवला.

दगड भरून आयोना टेकडी चढली. भार कमरेवर बसला होता, हात मोकळे होते. तिला आनंद व्हायला हवा होता. ती खडकावर बसली आणि संतापाने रडली. सव्वीस वर्षं ती आपल्याच शरीराला शिव्या देत आली होती, आणि उणीव होती ती दोन मिनिटं टेप धरणाऱ्या माणसाची!

सोमवारी तिने टोळीतल्या अकराही जणांच्या पाठी मोजल्या आणि यादी ग्रेडीच्या टेबलावर आपटली. "या मापाच्या सॅक येईपर्यंत आम्ही डोंगर चढणार नाही."

"अगं, तुझी तर बसली ना आता?"

"म्हणूनच सांगतेय!"

बर्ट पहिला तिच्या शेजारी येऊन उभा राहिला, मग बाकीचे. नऊ दिवस करवती शेडमध्ये पडून होत्या. दहाव्या दिवशी सॅक आल्या. ग्रेडी म्हणाला, "निदान आभार तरी मान."

आयोनाने मानले नाहीत.