बाऊजींचं एकच वाक्य

माझ्या ऑफिसातल्या पंजाबी सहकाऱ्याचे वडील नाटककार. इथे आखातात, माहूजमध्ये आमच्याच इमारतीत ते मुलाकडे राहायला आले. आम्ही सगळे त्यांना बाऊजी म्हणायचो. पंजाबातल्या गावोगावी, खळ्यांवर, ट्रॅक्टरच्या दिव्यांच्या उजेडात त्यांनी आयुष्यभर नाटकं केली होती. तिकडची पोरं अजून ती करतात, हे ते अजिबात संकोच न करता सांगत.

त्यांचं एक नाटक मी आमच्या इथल्या मराठी मंडळासाठी मराठीत आणलं. परदेशी गेलेला मुलगा वारलाय आणि अख्खं घर ही बातमी म्हाताऱ्या बापापासून लपवतंय, एवढीच गोष्ट. बाप नाटकभर खाटेवर गप्प असतो आणि शेवटी एकच वाक्य बोलतो, "काय निरोप आलाय, सांगा." मग कोणालाच खोटं बोलता येत नाही. बापाचं काम बाऊजी स्वतः करणार होते. मराठीचं ओ की ठो कळत नसताना तेवढं वाक्य त्यांनी घोटून घोटून पाठ केलं. लिफ्टमध्ये भेटले तरी तेच ऐकवायचे.

तालमी रंगात आल्या आणि बाऊजी खंगायला लागले. सलमानिया हॉस्पिटलात तपासण्या झाल्या त्या संध्याकाळी मुलाने मला जिन्यात गाठलं.

"भाभी, डॉक्टर बोले, अब कुछ नहीं हो सकता. पापाजी को पता नहीं चलना चाहिए. प्लीज."

ज्याने लपवाछपवीवर नाटक लिहिलं, त्याच्यापासूनच लपवायचं! मला भयंकर राग आला. पण त्याचा चेहरा बघून मी हो म्हणून बसले.

पुढच्या तालमीत सुनेच्या भूमिकेत मी खाटेपाशी चहा नेला. बाऊजींनी हात वर करून सगळ्यांना थांबवलं.

"बेटा, तुम्हारी भाषा मुझे आती नहीं, इसलिए मैं हाथ देखता हूँ. जो छुपाता है ना, वो कप दोनों हाथों से देता है." मग फक्त मला ऐकू येईल असं म्हणाले, "मेरा बेटा आजकल मुझे ऐसे ही चाय देता है. और अब तू भी."

बाकीचे हसत होते, त्यांना वाटलं दिग्दर्शन चाललंय.

प्रयोगाला मुलगा पहिल्या रांगेत बसणार होता. ते वाक्य बाऊजी आता कोणाला विचारणार, हे मला कळून चुकलं होतं. त्याला मी सावध केलं नाही. काय सांगणार होते?

ईसा टाउनच्या हॉलमध्ये तिसरी घंटा झाली. नाटक शेवटाला आलं. मी कप पुढे केला. बाऊजींनी मान वर केली आणि थेट पहिल्या रांगेत मुलाकडे पाहिलं. त्याने खुर्चीचा हात घट्ट धरला होता. विंगेतून प्रॉम्प्टरने वाक्य सांगितलं. पुन्हा सांगितलं. बाऊजी बघतच राहिले. मग त्यांनी कप घेतला, सावकाश चहा प्यायला आणि ते भिंतीकडे तोंड करून आडवे झाले. आम्ही गोंधळून पडदा ओढला.

मुलगा धावत रंगमंचावर आला. त्याचा जीव भांड्यात पडला होता. "भूल गए बेचारे," तो मला म्हणाला.

"हाँ, भूल गया," बाऊजी उठून बसत म्हणाले.

मुलाने पाण्याचा ग्लास पुढे केला, दोन्ही हातांनी. बाऊजींनीही तो दोन्ही हातांनीच घेतला.