मिठीत न मावणारा खांब

पावसाळा सरत आला की ते प्रकरण मला आजही आठवते.

लातूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी मी तेव्हा पोलीस निरीक्षक होतो. गावाचे आणि माणसांची नावे मी लिहीत नाही, कारण खटला अजून संपलेला नाही आणि त्यातली बरीच माणसे हयात आहेत. गावाबाहेर काळ्या रानात प्लॉट पडून नवी वस्ती झाली होती. तिथे एका बिल्डरने दोन सारख्याच इमारती बांधल्या होत्या, एक अ आणि दुसरी ब. खाली पार्किंग, वर तीन मजले. लिफ्ट नव्हती. शिक्षक, कारकून, एसटीतले लोक, नोकरीसाठी खेड्यातून तालुक्याला आलेली कुटुंबे तिथे राहत.

एके दिवशी दुपारी अ इमारतीच्या पार्किंगमधला कोपऱ्याचा खांब खचला आणि त्यावरचा स्लॅब खाली आला. वरच्या फ्लॅटमध्ये त्या वेळी कोणी नव्हते. खाली खुर्ची टाकून वर्तमानपत्र वाचत बसलेले एक निवृत्त गुरुजी मात्र त्याखाली सापडले. आम्ही पोहोचलो तेव्हा काही करण्यासारखे उरले नव्हते. मयताचा पंचनामा झाला, निष्काळजीपणामुळे मृत्यूचा गुन्हा नोंदवला, अ इमारत त्याच दिवशी रिकामी केली.

गुरुजी त्या भागात मोठ्या मानाचे होते. भूकंप झाला तेव्हा ते तरुण शिक्षक होते आणि मदतकार्यात महिनोन् महिने राबले होते. दगडमातीच्या भिंतींखाली काय होते, ते त्यांनी पाहिले होते. तेव्हापासून त्यांचा विश्वास एकाच गोष्टीवर, सिमेंटच्या खांबावर. आमच्याकडे हे अनेकांचे आहे. पुण्याकडचा माणूस फ्लॅट बघायला गेला की आधी स्वयंपाकघर बघतो; लातूरकडचा माणूस आधी खाली पार्किंगमध्ये जाऊन खांब बघतो. गुरुजी तर खांबाला दोन्ही हातांनी मिठी मारत. बोटे पलीकडे एकमेकांना लागली तर ते घर कच्चे आणि लागली नाहीत तर पक्के. या इमारतींच्या खांबांना त्यांची बोटे पुरली नव्हती. त्यांनी स्वतः अ मध्ये घर घेतले. त्यांच्या शब्दावर धाकटा भाऊ, दोन भाचे आणि त्यांच्या हाताखाली शिकलेली कितीतरी माणसे ब मध्ये राहायला आली.

दोन-तीन दिवसांनी गुरुजींच्या पत्नी ठाण्यात आल्या. पांढरी साडी, हातात पिशवी, सोबत कोणी नाही. मला वाटले, तपास कुठवर आला हे विचारायला आल्या असतील. त्यांनी बिल्डरचे नावही काढले नाही.

"सायब, ती दुसरी बिल्डिंग खाली करा," त्या म्हणाल्या. "ह्यांच्या जलदानाचा कार्यक्रम तिथंच खाली पार्किंगात ठेवलाय भाऊजींनी. सगळे पाहुणे तिथं बसणार हायत."

मी समजावले की त्या इमारतीला तडा गेल्याचे कोणी सांगत नाही आणि तज्ज्ञांचा अहवाल यायला वेळ लागेल. त्यांनी ऐकून घेतले. मग म्हणाल्या, "लोक ह्यांच्या शब्दावर राहायला आले. मला दुसरं काही नको."

अडचण अशी होती की बिल्डरची बाजू लंगडी वाटत नव्हती. तो शांतपणे बोलणारा, पांढरे कपडे घालणारा माणूस. चौकशीला बोलावले की वेळेवर येई. त्याचे म्हणणे होते की अ च्या कोपऱ्याशेजारी जमिनीखालची पाण्याची टाकी आहे, ती वर्षानुवर्षे गळत होती, राहणाऱ्यांनी दुरुस्त केली नाही. काळी माती भिजली की फुगते, वाळली की आकसते, त्यात पाया हलला. ब जवळ टाकी नाही, म्हणून ब ला धोका नाही. यातले काळ्या मातीचे म्हणणे खरेच होते. आमच्याकडे कुंपणाच्या भिंतीसुद्धा त्या मातीने वाकड्या होतात.

ब चे चेअरमन म्हणजे गुरुजींचे धाकटे भाऊ. खांबाचे प्लास्टर काढून बघू द्या, अशी विनंती मी त्यांना केली. त्यांनी साफ नकार दिला. घराला हात लागला की नाव खराब होईल, उद्या कोणी भाड्यानेही राहणार नाही. शिवाय दादांनी निवडलेली जागा आहे, म्हणाले. नुसत्या संशयावर राहत्या घराचे खांब फोडायला माझ्याकडेही आधार नव्हता.

तो आधार भलत्याच वाटेने आला. ब मध्ये राहणारा एक एसटी कंडक्टर चेअरमनविरुद्ध तक्रार घेऊन आला. ठाणे अंमलदार अदखलपात्र म्हणून नोंदवून घेत होता. मी केबिनमधून ऐकत होतो. कंडक्टरचा आवाज बसमधला, सगळ्या ठाण्याला ऐकू जाणारा.

"त्यो मला बिल्डिंगीत जगू देऊन नाही राहिला. म्हनतो, माझ्या भावाच्या खांबाला भोक पाडलंस. अरे, खांब तुझ्या भावाचा कधी झाला? मेंटेनन्स तर माझ्याकडून बी घेतो."

अंमलदाराने विचारले, भोक कशाला पाडले? सायकल टांगायला हूक ठोकायचा होता म्हणे.

"आन् ड्रिल तर असं गेलं जसं पेरूत सुरी. लाल भुकटी पडली सगळी."

मी उठून बाहेर आलो. भुकटी कोणत्या रंगाची, ते पुन्हा विचारले. लाल, विटेसारखी, तो म्हणाला, आणि माझा चेहरा बघून पहिल्यांदा त्याचा आवाज खाली आला. सिमेंट काँक्रीटच्या खांबातून करडी भुकटी पडायला हवी. लाल पडली याचा अर्थ आत वीट होती. अ च्या ढिगाऱ्यातही विटा होत्या, पण त्या वरच्या भिंतींच्या असे आम्ही धरले होते. ही गोष्ट घडून पंधरवडा झाला होता. चेअरमनशी भांडण असल्यामुळे त्याने ती कोणाला सांगितली नव्हती. माझ्या नोकरीत मी हे फार वेळा पाहिले: माणसे महत्त्वाची माहिती लपवत नाहीत, ती त्यांना भांडणातली एक बाब वाटते.

दुसऱ्या दिवशी मी या इमारतींचे बांधकाम केलेल्या मिस्त्रीला ब इमारतीत बोलावले. कंधारकडचा, पन्नाशीचा, कमी बोलणारा माणूस. ठाण्यात दोनदा त्याचा जबाब झाला होता आणि दोन्ही वेळा त्याने बिल्डरचेच शब्द घोकल्यासारखे सांगितले होते. या वेळी मी काही विचारलेच नाही. पार्किंगमध्ये खुर्च्या मांडायला सांगितल्या, चहा मागवला, दोन पंच आणि हवालदारासह बसलो. मिस्त्रीला कोपऱ्याच्या खांबाजवळची खुर्ची दिली.

तो बसला नाही. चहाचा कप घेऊन दोन पावले सरकला, मग आणखी दोन. बोलता बोलता फाटकाबाहेर जाऊन रस्त्यावर उभा राहिला. ऊन कडक होते. त्याच्या कपाळावरून घाम गळत होता आणि आम्ही सगळे सावलीत बसलो होतो. मी दोनदा आत बोलावले. दोन्ही वेळा तो "हाव" म्हणाला आणि जागचा हलला नाही.

मी त्याच्याजवळ गेलो. हळू आवाजात म्हणालो, "मिस्त्री, वर लेकरं राहतात. तुम्ही खाली चहा प्यायलाही थांबत नाही."

त्याने कप रस्त्याच्या कडेला ठेवला.

"सायब, मूळ खांब बारीक हायत. दोन मजल्याचे. तिसरा मजला नंतर चढवला."

"मग हे जाड कसे?"

"भोवतीनं वीट लावली, वरून प्लास्टर. मालक म्हनले, लोक इथं येऊन खांबाला कवळा घालून राहिले, बारीक खांबाला गिऱ्हाईक न्हाई." मग तो म्हणाला, "मास्तर कवळा घालत होते तवा मी तिथंच होतो. हसलो होतो मी."

याच जबाबावर पुढचे सगळे झाले. नांदेडहून स्थापत्य अभियंता आले. तिथला रहिवासी म्हणून कंडक्टरने लेखी संमती दिली, पंचांसमोर कोपऱ्याच्या खांबाचे प्लास्टर काढले. विटेचा थर निघाला आणि आतून खरा खांब दिसला. अंग चोरून उभा असावा तसा तो बारीक होता. काँक्रीट भरताना नीट ठासले नव्हते, खडी उघडी पडली होती, मधून गंजलेल्या सळया दिसत होत्या. अभियंत्यांनी सांगितले की वीट वजन पेलण्यात भागीदार नव्हती, उलट तिने हा दोष झाकला आणि ओल धरून ठेवली. टाकीच्या पाण्याने अ आधी गेली इतकेच. ब त्याच वाटेवर होती.

इमारतीतली सगळी माणसे खाली जमली होती. मी त्यांना लगेच बाहेर पडायला सांगितले. कोणी हलले नाही. सगळे चेअरमनकडे बघत होते. ते खांबाकडे बघत म्हणाले, वरून वीट लावली म्हणजे खांब जास्तच मजबूत झाला. अभियंत्यांनी पुन्हा समजावले. तेव्हा ते हट्टाला पेटल्यासारखे म्हणाले, "दादांनी बघून घेतलेलं हाय हे. दादा आयुष्यात कुठं चुकले न्हाईत." मला समजले की हा माणूस इमारतीबद्दल बोलतच नाही. ज्या भावाला चार दिवसांपूर्वी अग्नी दिला, त्याच्याबद्दल बोलतो आहे.

गुरुजींच्या पत्नी तेव्हा नातेवाइकांकडे मुक्कामाला होत्या; मी गाडी पाठवून त्यांना बोलावून घेतले. त्या आल्या, उघड्या पडलेल्या खांबासमोर उभ्या राहिल्या. विटांच्या तुकड्यांकडे बघितले. मग दिराकडे वळल्या.

"भाऊजी, तुमचे दादा चुकले."

चेअरमन एक पाऊल पुढे आले.

"वहिनी, असं म्हनू नका."

"चुकले. म्हनून गेले. आता त्यांच्या चुकीखाली तुम्ही लेकरं झोपवू नका."

चेअरमन खांबापासून वळले. मग जिना चढून वर गेले आणि खांद्यावर गॅसची टाकी घेऊन खाली आले. ती त्यांनी रस्त्यापलीकडे नेऊन ठेवली. त्यानंतर एकेका मजल्यावरची दारे उघडू लागली. अंधार पडण्याआधी इमारत रिकामी झाली. कंडक्टरने चेअरमनचे कपाट आपल्या पाठीवर उतरवले आणि जिन्यात त्यांना ऐकू जाईल असे म्हणाला, "चेअरमन, याचं तिकीट लागंल बरं का." चेअरमनच्या चेहऱ्यावर त्या दिवसांतले पहिले हसू तेव्हा दिसले. जलदानाचा कार्यक्रम बुद्धविहाराच्या अंगणात मंडप टाकून झाला. पुढे सरकारी आदेशाने ती इमारत पाडली. गुन्ह्यात सदोष मनुष्यवधाचे कलम लागले, बिल्डरला अटक झाली. मिस्त्रीही आरोपी आहे. त्याने सांगितले म्हणून तो सुटत नाही आणि सुटावा असे मला वाटतही नाही.

निवृत्तीनंतर ओळखीचे लोक मला घर दाखवायला नेतात. मी अभियंता नाही, हे आधी सांगतो. पण काही गोष्टी बघतो. रंग नव्हे तर ओल कुठे आहे ते बघतो. गच्चीवरचे पाणी कुठून उतरते, टाकी पायापासून किती लांब आहे, मंजूर मजले आणि उभे मजले सारखे आहेत का, हे विचारतो. एखादी गोष्ट लोकांना बघायला आवडते म्हणून ठळक केली असेल तर तिच्या आत काय आहे, ते बघितल्याशिवाय सोडत नाही. आणि राहणारी माणसे एकमेकांशी बोलतात का, ते बघतो. तीन मजली इमारत पुढे वीस-तीस वर्षे नीट टिकायची असेल तर कोणीतरी गळती वेळेवर सांगावी लागते आणि दुसऱ्या कोणीतरी ती ऐकून घ्यावी लागते. भांडणामुळे एक भोक पंधरा दिवस गप्प राहिले, हे मी विसरलेलो नाही.

गुरुजींच्या पत्नींचा अंतिम जबाब मीच लिहिला होता. पतीने इतरांना ही घरे घ्यायला सांगितले, हा भाग मी वगळणार होतो. गुन्हा शाबीत करायला त्याची गरज नव्हती. त्यांनी वाचून बघितले आणि कागद परत दिला. म्हणाल्या, "तेबी लिहा सायब. उद्या कोर्टात वाचतील, पेपरात येईल. दुसरं कुणी तरी खांबाला मिठी मारून घर घ्यायचं थांबेल."

गेल्या वर्षी माझी पत्नी गेली. भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला मी तिचे चांगलेच सांगतो. तिची लहानशी चूकही चारचौघांत माझ्या तोंडून निघत नाही, निघावी असे वाटतही नाही. त्या बाई आपल्या माणसाला जाऊन आठवडाही झाला नव्हता तेव्हा सगळ्या बिल्डिंगीसमोर ते दोन शब्द बोलल्या होत्या. त्या संध्याकाळी मी त्यांना धीराची बाई म्हटले आणि गाडीने नातेवाइकांकडे पोहोचते केले. त्या बोलण्याची किंमत काय होती, ते मला आता कळते.