चंद्राला न विचारता ठरवलेली सुट्टी

झुवेनाचं पोट दुसऱ्यांच्या सुट्ट्यांवर चालायचं. उंगुजा बेटाच्या पूर्व किनाऱ्यावरच्या एका हॉटेलात ती पाहुण्यांना सहली ठरवून द्यायची. थंड देशांतली माणसं डिसेंबरातच विचारायला लागत, वसंताच्या सुट्टीत येतोय, आयुष्यभर आठवेल असं काय दाखवाल? मग झुवेना त्यांच्या दिवसांची आखणी करायची. कासवं कधी बघायची, कुठल्या ओहोटीला वाळूचा दांडा वर येतो, लवंगांच्या बागेत ऊन चढायच्या आत कसं जाऊन यायचं. त्यांच्याकडे त्या सुमारास म्हणे झाडांना पालवी फुटते. आमच्याकडे त्या सुमारास उत्तरेचा वारा पडतो, अंगाची काहिली होते आणि जो तो मोठ्या पावसाची वाट बघत बसतो. पण हे पाहुण्यांना सांगायचं नसतं, आणि झुवेना सांगायचीही नाही. तिची आखणी कधी चुकली नाही, याचा तिला अंमळ गर्वच होता.

चाळिशी उलटलेली, एकदा लग्न होऊन तलाक घेतलेली, मूलबाळ नाही. हॉटेलच्या मागच्या गावात ती आणि तिची आई मकासी, दोघीच राहायच्या. आईनं अर्धं आयुष्य कमरेइतक्या पाण्यात समुद्री शेवाळाची शेती केली होती. आता गुडघे बोलायला लागले म्हणून ती घरी बसून शेवाळ बांधायच्या दोऱ्या वळायची आणि लेकीवर हुकूम सोडायची. भांडणं रोजची होती आणि दोघींनाही त्यांची सवय होती.

एके दिवशी नारळ खोवता खोवता आई म्हणाली, "या ईदेला कोजानीला जाऊ."

झुवेनाच्या हातातली चाळण तशीच राहिली. कोजानी म्हणजे उत्तरेकडच्या पेंबा बेटाच्या पलीकडचं आईचं माहेर, कोळ्यांचं एवढंसं बेट. तिथे आईचा थोरला भाऊ राहत होता, फाकीमामा. आणि फाकीमामाचं नाव या घरात कुणी काढत नसे.

कारण होतं चंद्र. रमजान संपला हे कुठल्या चंद्रावरून मानायचं, यावर आमच्याकडे दोन तट आहेत. एक म्हणतो, जगात कुठेही चंद्रकोर दिसली की आपली ईद. दुसरा म्हणतो, आपल्या आभाळात दिसली तरच. बहुतेक वर्षं दोघांचं जमून जातं. जमलं नाही की एकाच गल्लीत एका घरी पुलाव शिजतो आणि शेजारच्या घरी कडक उपास असतो. माणसं हसून सोडून देतात. पण झुवेना शाळेत होती त्या वर्षी फाकीमामा ईद साजरी करून तडक शिडाच्या होडीनं बहिणीच्या दारात येऊन उभा राहिला. नारळाच्या दुधात शिजवलेला ऑक्टोपस, तांदळाची भाकरी, हलवा, सगळं घेऊन. स्वतः चटईवर मांडलं. म्हणाला, "आधी तू हात लाव." आणि मकासी म्हणाली, "माझा उपास आहे. आमचा चंद्र दिसलेला नाही." तो म्हणाला, ईदेच्या दिवशी उपास धरणं पाप आहे. ती म्हणाली, उपास मोडणं पाप आहे. पुढे आवाज चढले. तिनं ते सगळं परत बांधून त्याच्या हातात दिलं. तो किनाऱ्यावर गेला, अन्न समुद्रात ओतलं आणि गेला तो गेलाच. त्यांची आई वारली तेव्हाही बहीणभाऊ अंगणाच्या दोन टोकांना बसले होते.

"आत्ताच का?" झुवेनानं विचारलं.

"तो हल्ली समुद्रावर जात नाही म्हणे. हात थरथरतो." आई खोवणीवरून उठलीच नाही. "मला त्याच्या ताटात जेवायचंय एकदा. मग मेले तरी चालेल."

"मरायचं काय त्यात? सुट्टी आखते मी."

आणि तिनं खरंच आखली. पाहुण्यांसाठी केली नसेल एवढ्या निगुतीनं. सगळी कॅलेंडरं चाळली आणि तिला हायसं वाटलं. या वर्षी दोन्ही तटांची ईद एकाच दिवशी दाखवली होती, रविवारी. मग काय, भांडणाचं मूळच उपटलं. शनिवारी पोचायचं, रविवारी भाऊबहिणीनं एका ताटात जेवायचं, सोमवारी आईला तिच्या मैत्रिणींकडे फिरवायचं, मंगळवारी परत. तिनं पेंबापर्यंतच्या मोठ्या बोटीची जाण्यायेण्याची तिकिटं काढली, मामीला निरोप धाडला. मामाकडून उलट निरोप आला, "घर आहे. यावं." ना राग ना लोभ. झुवेनाला तेवढंही पुरे होतं.

हॉटेलचा होडीवाला वुआई तिला चिडवायची एकही संधी सोडत नसे. "काय गं, सगळं पक्कं केलंस?"

"सगळं."

"चंद्राला कळवलंस का? नाहीतर आयत्या वेळी तो नाही म्हणायचा."

"कॅलेंडरात छापलंय."

"छापणारा काय माडावर चढून बसला होता बघायला? बाई, पाहुण्यांत राहून राहून तू पण गोरी झालीस. ईदेची तारीख कुणी आधी ठरवतं का?"

"तू तुझी होडी बघ," झुवेना म्हणाली. आमच्याकडे ईदेचा पाहुणा दोन दिवस मागेपुढे धरूनच निघतो. हे तिला लहानपणापासून ठाऊक होतं. पण हातात तिकीट असलं की माणसाला आभाळही आपल्या सोयीचं वाटायला लागतं.

बोट खाडीबाहेर पडली तशी हेलकावायला लागली. आईनं लिंबू नाकाशी धरलं आणि डोळे मिटले. तोंड पांढरंफटक पडलं होतं.

"आई, प्रवासात उपासाला सूट आहे. देवानंच दिलीय. दोन घोट पाणी घे."

"सूट आहे, सक्ती नाही. तू घे, तुला हवं तर."

झुवेनानं घेतलं. तिला त्यात गैर वाटत नव्हतं, सुटलेला उपास नंतर धरता येतो.

पेंबाहून लहान होडीनं कोजानीच्या धक्क्यावर उतरल्यावर आईला रस्ता विचारावा लागला नाही. घरं एकमेकांना खेटून, मधून माणूस जाईल एवढ्याच गल्ल्या, पण ती गुडघे विसरून पुढे चालत राहिली आणि झुवेना सामान घेऊन मागून धापा टाकत गेली. फाकीमामा ओट्यावर जाळं घेऊन बसला होता. जाळं नुसतंच मांडीवर होतं. हात खरंच थरथरत होता.

"पोचलात?"

"पोचलो, दादा."

एवढंच बोलणं झालं. मग मामीनं आत नेलं. संध्याकाळी उपास सोडताना पुरुष बाहेर, बायका आत. झुवेना मनाशी म्हणाली, हरकत नाही, उद्या आहेच.

चंद्र बघायला सगळं गाव किनाऱ्यावर जमलं. पश्चिमेला पेंबाच्या टेकड्यांवर ढगांचा थर होता, त्यात काय दिसणार? तेवढ्यात कुणाचा तरी फोन वाजला. दूरच्या मुलखात दिसला, उद्या ईद! मामाच्या गल्लीत पोरांनी पत्र्याचे डबे बडवायला सुरुवात केली, मामीनं भाकरीचं पीठ आंबायला ठेवलं. झुवेनाचा जीव भांड्यात पडला, पण तो दिलासा फार वेळ टिकला नाही. थोड्या वेळानं रेडिओवरून जाहीर झालं, देशात कुठेही चंद्र दिसलेला नाही, उद्या तिसावा उपास.

झुवेनानं कपाळाला हात लावला. हॉटेलात असं काही झालं तर ती पाहुण्यांना दुसरी सहल बदलून द्यायची. इथे काय बदलून देणार?

"आई, उद्याचा दिवस तेवढा त्यांच्याबरोबर मान ना. कोण बघतंय?"

"ज्यानं बघायचं तो बघतोय. आमचा चंद्र दिसलेला नाही, झुवेना."

"तेव्हाही हेच म्हणाली होतीस."

"तेव्हाही खरंच होतं." आईचा आवाज मात्र पडला होता. पहाटे तिनं उठून दोन खजूर खाल्ले, पाणी प्यायली. म्हणजे उपास ठरला.

सकाळी मशिदीतून नमाज करून मामा पांढऱ्या कुर्त्यात परत आला. अंगणात चटया अंथरल्या होत्या, घरभर वेलचीचा वास होता. त्यानं मामीच्या हातातून ताट घेतलं. थरथरत्या हातानं ऑक्टोपसचा रस थोडा सांडला, पण ताट कुणाला धरू दिलं नाही. बहिणीसमोर आणून ठेवलं. अंगणातले सगळे वळून बघायला लागले. जुनी गोष्ट तिथल्या लहान पोरांनाही माहीत होती.

मामा तिच्यासमोर बसला. "मकासी, मी वाटेत विचार केला. तुझा चंद्र दिसला नाही, मान्य. पण तू परगावाहून आलीस. प्रवासी आहेस. प्रवाशाला सूट आहे. तुझा चंद्र तुझ्याजवळ राहू दे, आणि खा."

ज्या माणसानं एका जेवणापायी सगळ्या जन्माचं नातं समुद्रात ओतलं होतं, त्याच्या तोंडून हे यायला किती कष्ट पडले असतील! झुवेनाला रडूच आलं. इतकी चोख वाट तिलाही सुचली नव्हती. दोघांचं राहिलं, कुणाचं मोडलं नाही. आता आईनं फक्त हात लावायचा होता.

आई ताटाकडे बघत राहिली. मग मान वर करून म्हणाली, "प्रवासी कोण?"

"तू. मंगळवारी जाणार ना तुम्ही?"

"चार दिवसांच्या वर राहायचं ठरवलं की माणूस प्रवासी राहत नाही. तूच मला शिकवलंस, दादा, ह्याच ओट्यावर. चुकले की छडी मारायचास."

"मग?"

"मग मी मंगळवारी जाणार असं तुला कुणी सांगितलं? मी घरी आलेय. घरच्या माणसाला कसली सूट? माझा उपास आहे."

दुसऱ्यांदा तिनं भावाचं ताट नाकारलं होतं. मामाचे ओठ हलले, आणि तो हसतोय की रडतोय ते कुणाला कळेना. त्यानं ताटावर झाकण ठेवलं आणि मामीला म्हणाला, "हे आत ठेव. माझंही. सूर्य बुडला की आम्ही दोघं जेवू."

मामी हबकली. "अहो, ईदेच्या दिवशी उपास धरता? पाप लागेल!"

"उपास कोण धरतंय? मला भूक नाही," मामा म्हणाला आणि लगेच सगळ्यांसमोर चहाचा एक घोट घेऊन दाखवला.

"आई," झुवेना हळूच म्हणाली, "परतीचं तिकीट..."

"ते तुझं आहे. तू सुट्टीवर आलीयस." असं म्हणून आई भावाकडे वळली आणि माडाखालच्या जुन्या विहिरीचं पाणी अजून गोड आहे का, ते विचारायला लागली. दिवसभर दोघं ओट्यावर बसून होते. संध्याकाळी एका ताटात जेवले. झुवेनानं ते दारातून बघितलं, आत गेली नाही.

मंगळवारी आई तिला पोचवायला धक्क्यावर आली. झुवेनाला आईसाठी आनंद झाला होता, आणि आईचा रागही आला होता. रिकाम्या घराचं कुलूप आता तिलाच उघडायचं होतं.

"घरूनच ठरवून आली होतीस ना?" तिनं विचारलं. "मला एका शब्दानं सांगायचं होतंस."

"नाही गं. मंगळवारीच येणार होते मी. शेवाळाच्या दोऱ्या तशाच पडल्यात अंगणात, आणि तुला एकटीला धड चहा करता येत नाही." आईनं तिच्या खांद्यावरचं कापड नीट केलं. "पण त्यानं मला प्रवासी म्हटलं, झुवेना. माझ्या घरात, मायेनं म्हटलं. तेव्हा ठरलं."

पेंबाला नेणारा होडीवाला हाका मारत होता. झुवेना होडीत बसली. पेंबाच्या काठाला लागेपर्यंत तिला आई धक्क्यावर उभी दिसत होती.