आबांचा गडवा आणि गेमचा ठोकळा

आमचा जुना कॉम्प्युटर मीच जाळला. साफ करतो म्हणून उघडला, ओल्या फडक्यानं पुसला आणि वाळायच्या आत बटण दाबलं. आतला पॉवर सप्लाय 'फट्' म्हणाला आणि बायको 'झालं समाधान?' म्हणाली.

लेक बारावीला होती. तिची प्रवेश परीक्षा कॉम्प्युटरवर आणि सरावही कॉम्प्युटरवरच. बातमी नांदेडला मेहुण्याकडं पोचायला अर्धा तासही लागला नाही. लगेच त्याचा फोन.

"दाजी, नवा घेऊन देऊ का?"

"गरज न्हाई. मी बनवायलोय," मी ताठ्यात बोललो.

"मग रविवारी येतो बघायला. चालला तर ठीक, न्हाई तर भाचीला वर्षभर आमच्याकडं आणतो. कॉम्प्युटर हाय, वेगळी खोली हाय."

बायकोनं तिथंच 'चालेल' म्हणून मान डोलावली. उदगीर-मुरूडचीच काय, नांदेडचीसुद्धा पोरं शिकायला लातुरात येतात. आमच्या गल्लीत घरं कमी अन् भाड्याच्या खोल्या जास्त झाल्यात. आणि माझी एकुलती एक पोरगी उलटी नांदेडला! लोक हसले असते, ते सोडा. पण सकाळच्या चहाला ती माझ्या चुका काढते, आणि त्याशिवाय मला चहा उतरत नाही.

घरात एक मेलेलं गेमचं मशीन पडलं होतं. लेकीसाठी म्हणून घेतलेलं, खेळायचो मी. मशीन गेलं, पण त्याला वीज देणारा विटेएवढा काळा ठोकळा जिवंत होता. तो ओळखीच्या मिस्त्रीचाचांकडं नेला. त्यांचं आयुष्य रेडिओ दुरुस्त करण्यात गेलेलं. त्यांनी ठोकळा चालू करून कानाशी धरला.

"पावर फर्स्ट क्लास है, साब. पंखे की बुश घिस गई है, बस. घुरघुर करेगा."

"घुरघुर तर मीही करतो. घरात चालवून घेतात."

चाचांनी ठोकळा आणि कॉम्प्युटर यांच्यामध्ये बसवायला सर्किटची एक छोटी पट्टी दिली आणि बजावलं की ठोकळ्यातली बारीक लाल आणि निळी वायर एकमेकींना जोडल्याशिवाय तो उठणार नाही. घरी येऊन जोडल्या. नारिंगी दिवा हिरवा झाला तेव्हा मी एकट्यानंच टाळ्या वाजवल्या. बाकी कॉम्प्युटर तेलाच्या पंधरा किलोच्या डब्यात, आतून पुठ्ठा लावून बसवला. ठोकळा डब्यात मावेना, म्हणून शेजारच्या पत्र्याच्या मांडणीवर ठेवला.

त्या मांडणीवर आबांची, म्हणजे माझ्या वडिलांची, एक मालमत्ता होती. भूकंप झाल्यापासून ते तिथं एक तांब्या पालथा घालून त्यावर पितळी गडवा उभा करून ठेवतात. जमीन हलली की गडवा पडणार, आवाज होणार, आपण बाहेर. इतक्या वर्षांत त्याला धक्का लावायची हिंमत मांजरानंही केली नव्हती.

रविवारी मेहुणा आला. लेक समोरच्या खोलीत कानाला हेडफोन लावून सराव परीक्षेला बसली. कॉम्प्युटर झकास चालला होता. आम्ही स्वयंपाकघरात जेवत होतो आणि मेहुण्याचा पडलेला चेहरा बघून मी जास्तीचं वरण मागून घेतलं.

तेवढ्यात 'खण्ण!' आणि पाठोपाठ आबांची आरोळी, "भायेर! भायेर पळा!"

भूकंपाच्या त्या पहाटेपासून आमच्याकडं डोकं विचार करायच्या आत पाय निघतात. गल्लीतल्या खोल्यांतली पोरं वह्या छातीशी धरून बाहेर, एक तर डोक्याला साबण तसाच. आमच्या सगळ्यांच्या पुढं, थेट चौकापर्यंत, अनवाणी मेहुणा. हातात अर्धी भाकरी.

"पोरगी कुठंय?" बायको ओरडली.

मी माझ्या हातांकडं बघितलं. हातात ठोकळा होता. तुटलेल्या वायरी लोंबत होत्या.

"अहो! पोरगी आत ठिवून हे डबडं घेऊन आलात?"

लेक दारात उभी राहिली. हेडफोन गळ्यात. "भूकंप न्हाई. ठोकळ्याचा पंखा मांडणी हलवत होता. आणि पप्पा, माझा एकशेबारावा प्रश्न चालू होता. मला वाटलं, तुम्ही मला उठवायला आलात."

आबा मात्र खूश. "पडला का न्हाई वेळेवर?"

चौकातून परत आलेला मेहुणा पाय झाडत लेकीला म्हणाला, "बाई, बॅग भर. ह्या माणसानं तुला सोडून ठोकळा वाचवला."

खरंच होतं ते. मी वायरी गुंडाळत बसलो.

लेकीनं जरा विचार केला. "मामा, तुमचा कॉम्प्युटर बंद पडला तर कोण उघडतं?"

"दुकानवाला. फोन केला की चार दिवसांत येतो."

"मग राहू द्या. पप्पा बिघडवतात, पण बिघडवलं की दुरुस्त होईपर्यंत तिथंच बसून राहतात."

बायको आधी हसली, मग मेहुणाही. "भाकरी वाढ गं, अर्धी रस्त्यात पडली," म्हणत तो आत गेला.

लेकीनं ठोकळा जमिनीवर गोधडीच्या घडीवर ठेवला. "लाल-निळी मी धरते. तुम्ही नुसतं कथलाचा डाग द्या." दिवा हिरवा झाला. परीक्षा मात्र पहिल्या प्रश्नापासून सुरू झाली. तिनं माझ्याकडं एकदाच बघितलं, आणि मी पाय न वाजवता स्वयंपाकघरात गेलो.